कुत्र्याच्या गाठीचा खर्च : आत्ता करू की दिवाळी बोनसनंतर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नऊ वर्षांचा लॅब्रेडॉर, एक वृषण लहानपणापासून पोटातच राहिलेलं, आता दोन्ही कुशींवरचे केस गेलेत, आचळं सुजल्यासारखी दिसतायत, डॉक्टरांना ट्यूमरची शंका आहे आणि रक्त, सोनोग्राफी, एक्सरे, ऑपरेशन, बायोप्सी मिळून 34,000 सांगितलेत. तर दिवाळी बोनसपर्यंत तीन महिने थांबू की पर्सनल लोन काढू?

दोन्ही नको. लिक्विड फंडात (हवे तेव्हा पटकन काढता येतात असा म्युच्युअल फंड) 1,10,000 पडलेत म्हणता ना, मग ते कशासाठी ठेवलेत?

थांबणं इथे महाग पडू शकतं, कारण पोटात राहिलेल्या वृषणात होणारा सर्टोली सेल ट्यूमर (वृषणातल्या सर्टोली पेशींची गाठ) बऱ्याचदा इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन सोडतो, केस आणि आचळांचं कारण तेच असू शकतं, आणि जास्त इस्ट्रोजेनमुळे बोनमॅरो (हाडांतला रक्त तयार करणारा मगज) दबला की प्लेटलेट्स, हिमोग्लोबिन सगळंच घसरतं, मग ऑपरेशनआधी रक्त चढवायची वेळ येते आणि 34,000 चा आकडा विसरायचा. म्हणून प्लेटलेट्ससकट सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) याच आठवड्यात करून घ्या, यादीतली स्वस्तातली टेस्ट आहे पण पुढचं सगळं बजेट तिच्यावर ठरतं. सोनोग्राफीत पोटातलं वृषण नेमकं कुठे आहे ते कळतं, आणि एक्सरे छातीत काही पसरलंय का ते बघायला.

पैसे वाचवायचेच असतील तर सुईची टेस्ट (गाठीत सुई घालून पेशी तपासायची) लागणारच आहे का एवढं डॉक्टरांना विचारा, वृषण तसंही काढायचंच असेल तर कधीकधी ती टाळता येते. बायोप्सी, म्हणजे काढलेल्या गाठीची लॅबमधली तपासणी, मात्र वगळू नका! लोक हमखास तिथेच हात आखडता घेतात, पण गाठ नक्की कुठली आणि पुढे खर्च आहे की नाही हे तीच सांगते. दोन्ही वृषणं काढून दोन्ही तपासायला पाठवा. यातल्या बहुतेक गाठी पसरत नाहीत, ऑपरेशनवरच भागतं, म्हणून हा खर्च मला पटतो.

डोंबिवलीत आहात तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात दुसरं एस्टिमेट घ्या, फक्त एवढं धूड घेऊन जायचं तर गाडीभाडं धरा. आत्ता घाईने पेट इन्शुरन्स घेऊ नका, आधीपासूनचा आजार त्यात धरत नाहीत, आणि 80डी मध्ये, म्हणजे आरोग्य विम्यावरच्या करसवलतीत, कुत्रा बसत नाही (हो, विचारतात लोक). एसआयपी चालू राहू दे, बोनस आला की आधी लिक्विड फंड भरा.