नगरच्या आसपासचे सगळे रस्ते सरळसोट आहेत. बाइक चालवायला मजा येईल असे रस्ते कसे शोधायचे?

तुम्ही लिहिलंय की नगर शहरात राहता, गाडी दीडशे सीसीची आहे, मोकळा वार फक्त रविवार, आणि पुणे रोड, मनमाड रोड, सोलापूर रोड करून आता कंटाळा आलाय. कंटाळा येणारच. हे तिन्ही रस्ते मालट्रक न थांबता पळावेत म्हणून रुंद आणि सरळ केलेले आहेत. पण म्हणून नगरला दोष देऊ नका. शहराच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर पठार तुटतं, आणि पश्चिमेला पारनेर आणि अकोले तालुक्यांकडे हरिश्चंद्र-बालाघाटची अख्खी रांग पडलेली आहे.

गडबड शोधण्याच्या पद्धतीत होते. बहुतेक जण आधी ठिकाण ठरवतात आणि मग गूगल नेईल त्या रस्त्याने जातात. गूगल नेतो कमीत कमी वेळाच्या रस्त्याने, म्हणजे बहुधा सर्वांत सरळ रस्त्याने. म्हणून ठिकाण नंतर ठरवा. आधी नकाशावर बघा, रस्त्याला वळावं लागेल असं कारण कुठे कुठे आहे.

आपल्याकडे रस्ता तीन कारणांनी वळतो. पहिलं चढ. घाटाला साधारण पाच टक्के चढ धरला तर शंभर मीटर उंची गाठायला दोन किलोमीटर रस्ता लागतो. डोंगराची कड सरळ अंतरात अर्ध्याच किलोमीटरची असेल, तर उरलेला दीड किलोमीटर वळणांतच घालवावा लागतो. दुसरं पाणी. नदीकाठचा किंवा धरणाच्या फुगवट्याकडेचा रस्ता काठाची प्रत्येक घडी पाळत जातो. चढ फारसा नसतो, पण गोल, लांब, लयीत घेता येतील अशी वळणं मिळतात. तिसरं कारण म्हणजे शेताचा बांध. इथे फसगत होते. बागायती पट्ट्यातला गावरस्ता नकाशावर वाकडातिकडा दिसतो, पण ती वळणं काटकोनी असतात. रस्ता बांधाबांधाने जातो, कोपऱ्यावर ऊस किंवा मका उभा असतो आणि पलीकडून येणारा ट्रॅक्टर अगदी तोंडावर आल्याशिवाय दिसत नाही. नकाशा मोठा करून बघा: वळण गोलाकार असेल तर डोंगर किंवा पाणी, कोपरा काटकोनात असेल तर बांध. बांधाचे रस्ते सोडून द्या.

आता प्रत्यक्ष शोध. हे काम फोनपेक्षा कॉम्प्युटरवर बरं होतं. गूगल मॅप्समध्ये 'टेरेन' (डोंगर-उतार दाखवणारा नकाशा) सुरू करा आणि ठळक दिसणारे महामार्ग चक्क दुर्लक्षित करा. डोंगराची सावली जिथून सुरू होते तिथे तिला आडवा छेद देणारे बारीक रस्ते शोधा. दोन नद्यांच्या मधली कणा-रांग ओलांडणारा रस्ता हमखास वळणाचा असतो. तुमच्या शहरातली सीना भीमेला जाते, वांबोरी-राहुरीकडचं पाणी गोदावरीला. म्हणजे मधे कुठेतरी रांग असणारच, आणि ती आहेच. दुसरी खूण जुन्या घाटांची. बोगदा किंवा चौपदरी रस्ता झाला की जड वाहतूक तिकडे जाते आणि जुना रस्ता बाइकवाल्यांना मोकळा राहतो, पुण्याचा जुना कात्रज घाट तसाच. महामार्गाला चिकटून एखादी बारीक, नागमोडी रेघ दिसली की तिथे थोडं थांबा.

रेघ सापडली की उजवं क्लिक करून सरळ अंतर मोजा आणि रस्त्याच्या अंतराला त्याने भागा. माझा ढोबळ हिशेब असा: उत्तर १.१ च्या आत आलं तर झोप येईल. १.३ ते १.६ मध्ये सगळ्यांत जास्त मजा. दोनच्या वर गेलं तर हेअरपिन आहेत, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणारी वळणं. ते दिसायला भारी असतात, पण सगळा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातो.

मग सॅटेलाइट. डांबरी रस्ता काळपट दिसतो, काँक्रीट पांढरट, मुरुमाचा रस्ता तपकिरी. वळणदार रस्ता शोधून देणारी कुर्विगरसारखी अ‍ॅप आहेत. ती ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या नकाशाच्या माहितीवर चालतात आणि आपल्याकडे त्यात कच्ची गाडीवाटही कधी पक्का रस्ता म्हणून नोंदलेली असते. त्यामुळे अ‍ॅपने काढलेला मार्ग सॅटेलाइटवर तपासल्याशिवाय निघू नका. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू (रस्त्यावरून घेतलेले फोटो) २०२२ मध्ये भारतात सुरू झालं तेव्हा पहिल्या दहा शहरांत नगर होतं, तेव्हा शहराजवळचे रस्ते तिथेही बघून घ्या. फक्त कोपऱ्यातली चित्रीकरणाची तारीख आधी वाचा. तीन पावसाळे झालेल्या रस्त्याचा फोटो काही कामाचा नाही.

रस्त्यावर उतरल्यावर किलोमीटरच्या दगडाचा माथा बघायची सवय लावा. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्यमार्ग, नारिंगी ग्रामसडक. तुमचं काम हिरव्या आणि नारिंगीवर. ग्रामसडकेच्या सुरुवातीला जो फलक असतो तो कुणी वाचत नाही, पण त्यावर लांबी आणि काम पूर्ण झाल्याची तारीख असते. ठेकेदाराकडे देखभाल पाच वर्षं असते, म्हणून तारीख त्या आतली असेल तर रस्ता बरा असण्याची शक्यता जास्त. रुंदी मात्र बहुधा पावणेचार मीटरच असते. एक एसटी आली की रस्ता संपला.

नगरहून कुठे जायचं ते सांगतो.

दोन तासांचाच वेळ असेल तर पिंपळगाव माळवीचा तलाव, डोंगरगण आणि खाली वांबोरी. वर सांगितलेली रांग हीच. घाट लहान आहे, पण शहरापासून इतक्या जवळ आहे की सकाळी चहाआधी उरकतो. नवीन माणसाला वळणं शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही, कारण तोच तुकडा दोनदा-तीनदा वर-खाली करता येतो. पाथर्डी रोडचा करंजी घाट सगळे सुचवतील. घाट चांगलाच आहे, पण तो राष्ट्रीय महामार्गावर आहे. चढाला लागलेल्या ट्रकच्या मागे धूर खात जायचं असेल तरच जा.

अर्धा दिवस असेल तर कल्याण रोडने भाळवणी, टाकळी ढोकेश्वर आणि पुढे आणे घाट. परतताना महामार्ग टाळून पारनेर तालुक्यातले आतले रस्ते धरा. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आहेत, पाय मोकळे करायला तेवढं पुरे. पारनेरच्या पठारावरचे रस्ते फार वळणाचे नाहीत. तिथली मजा चढ-उताराची आणि मोकळेपणाची.

पूर्ण दिवसाचा खरा मार्ग अकोल्याचा. आळेफाटा, ओतूर, तिथून ब्राह्मणवाड्यामार्गे कोतूळ आणि मग अकोले. ओतूरचं पाणी भीमेकडे जातं, कोतूळ मुळेच्या खोऱ्यात, अकोले प्रवरेच्या. म्हणजे एवढ्या अंतरात दोन रांगा ओलांडता आणि दोन्हींवर वळणं मिळतात. अकोल्याहून संगमनेरमार्गे घरी परतलात तर फेरी तीनशे किलोमीटरच्या आसपास होते. दीडशे सीसीवर हे जमतं, मात्र सहाला निघायला हवं. आणखी दम असेल तर राजूरमार्गे भंडारदरा. तलावाभोवतीचा शेंडी, घाटघर, साम्रद, रतनवाडी हा फेरा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा आहे, कडेला पाणी आणि वर कळसूबाईची रांग. पण हे एका दिवसात कोंबण्यापेक्षा मुक्काम केलेला बरा. फेऱ्याचा भाग अभयारण्यात येतो, वनविभागाच्या नाक्यावर प्रवेशशुल्क द्यावं लागतं.

पश्चिमेच्या या मार्गांचा एक फायदा सहसा लक्षात येत नाही. सकाळी जाताना सूर्य पाठीशी आणि संध्याकाळी परतताना पुन्हा पाठीशीच. पाथर्डी किंवा जामखेडकडे गेलात की याच्या उलट, दोन्ही वेळा ऊन डोळ्यांत. मात्र ऊन तुमच्या पाठीशी असेल तेव्हा ते समोरच्याच्या डोळ्यांत असतं. ओव्हरटेक करून अंगावर येणाऱ्या जीपवाल्याला तुम्ही दिसलाच नसाल असं धरून चाला.

हंगामाचं गणित दोन भागांत. राहुरी, श्रीरामपूर, लोणी, संगमनेर हा उसाचा पट्टा. गाळप सुरू झालं की दिवाळीनंतर मार्चपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागे दिवा नसतो आणि रिफ्लेक्टर असला तरी चिखलाने माखलेला. त्या दिवसांत या पट्ट्यातून अंधारात परतू नका. वाटल्यास आळेफाट्यावरून आलात तसेच परत जा. दुसरा भाग पावसाचा. घाटघर-रतनवाडीकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस असा कोसळतो की वळणं घेण्याचा प्रश्नच उरत नाही. धुकं, धबधब्याखाली आडव्या लावलेल्या गाड्या, वरून सुटणारे दगड. माळशेजचंही तेच. मेअखेर ते जून भंडारदऱ्याला काजवे बघायला इतकी गर्दी होते की रात्री तलावाभोवतीच्या रस्त्यावर बाइकही अडकते. सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबरात खड्डे भरण्याची कामं चालू असतात आणि नव्या डांबरावर सुटी खडी पसरलेली असते. तिथे ब्रेक लावणं आणि गाडी झुकवणं दोन्ही विसरा, हँडल सैल धरून सरळ निघून जा.

घाटात पडण्याचं एक मोठं कारण म्हणजे वळणाच्या आतल्या कडेची कच. अरुंद वळणावर बस वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्यापेक्षा आतून जातात, साइडपट्टीवर उतरतात आणि मुरूम ओढून डांबरावर आणतात. त्यामुळे गाडी सर्वांत जास्त झुकलेली असते नेमक्या त्या जागी फिकट पिवळसर कच साठते. पुस्तकात दाखवतात तशी आतल्या कडेला घासून जाणारी लाइन म्हणूनच आपल्या घाटात चालत नाही. तुमच्या अर्ध्या रस्त्याच्या मधोमध राहा, आतल्या कडेपासून हातभर अंतर सोडा, आणि डावं वळण घेताना बाहेर फेकले जाऊन मधली रेघ ओलांडाल इतक्या वेगाने शिरू नका. ब्रेक वळणाआधी सरळ असतानाच लावा. हेअरपिनवर चढताना टाकी काठोकाठ भरलेल्या ट्रकचं डिझेल सांडतं. रस्ता ओला असेल तर इंद्रधनुष्यी पट्टा दिसतो, कोरडा असेल तर नुसता काळा डाग. दोन्हींपासून लांब राहा.

अरुंद घाटात नियम साधा आहे: उतरणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याला वाट द्यायची. एसटी वळणावर दिसली तर मधे घुसू नका. तिला पूर्ण रस्ता लागतो आणि ड्रायव्हर तो घेणारच. आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्या. एरवी हॉर्नचा राग येत असेल, इथे तो कामाचा आहे.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडून घाट उतरायची खोड अनेकांना आहे. दीडशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतो. लांब उतारावर तो सतत दाबून धरला की तापतो आणि पकड सोडतो, पायाखाली पेडल मऊ पडतं. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनला गाडी रोखू द्या आणि ब्रेक थोडा-थोडा, सोडून-सोडून वापरा.

निघण्यापूर्वी टायरची हवा गाडी थंड असताना मॅन्युअलमधल्या आकड्याइतकी भरा. पंपावरचा पोरगा अंदाजाने दोन-चार पीएसआय जास्त मारतो आणि तेवढ्यानेही कचेवर पकड कमी होते. चेनचा ढिलेपणा बघा, तेल लावा. पुढच्या ब्रेकचं ऑइल गडद तपकिरी झालं असेल तर बदलून घ्या. ट्यूबलेस असेल तर पंक्चरचे प्लग आणि छोटा पंप जवळ ठेवा. कोतूळपुढे किंवा घाटघरकडे रविवारी पंक्चरवाला उघडा सापडेल याच्या भरवशावर राहू नका. फोनला तिकडे रेंज जाते, म्हणून ऑफलाइन नकाशा आदल्या रात्रीच उतरवून घ्या. जाताना टाकी आळेफाट्यावर भरा. पुढे अकोल्याहून भंडारदऱ्याकडे वळणार असाल तर काटा अर्ध्यावर असला तरी अकोल्यात पुन्हा भरा.