पद्मिनीला शंभर ऑक्टेन कशाला?

प्रश्न: वडिलांची 1986 सालची प्रीमियर पद्मिनी मी चालवते. कुंभार्ली घाट चढताना इंजिनातून खडखड येते. चावी बंद केली तरी इंजिन दोन-चार गचके मारूनच थांबतं. एकाने सुचवलं म्हणून शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल भरलं. खडखड जरा कमी झाली, पण ओढ तशीच. आता हेच भरत राहू का? – एक वाचक, कराड

उत्तर: ताई, नका भरू. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी पेट्रोलने स्पार्कची ज्योत पोचायच्या आधी, आपल्या मनाने पेट घ्यायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या 1089 सीसी इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा, आठाच्याही आत आहे. त्याला साधं 91 ऑक्टेनचं पेट्रोल पुरून उरायचं आणि आताच्या ई-20ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, तर किमान 95 असतं. तरी खडखड येतेय, म्हणजे दुखणं इंजिनात आहे. महाग पेट्रोलने ते नुसतं झाकलं जातं.

गचक्यांचं कारण बहुधा कार्बन. पिस्टनच्या डोक्यावर साचलेला थर निखाऱ्यासारखा लाल राहतो आणि स्पार्क नसतानाही पेट्रोल पेटवतो. हेड उतरवून तो खरवडून घ्या.

मग प्लग काढून उजेडात धरा. टोक दुधाच्या चहाच्या रंगाचं असेल तर ठीक. पांढरंफटक असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. ई-20वर हे फार दिसतं. एक किलो पेट्रोलला जळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते, इथेनॉलला नऊच. तुमचा कार्बोरेटर जुन्या हिशेबानेच पेट्रोल सोडतो, त्यामुळे हवा जास्त होते आणि इंजिन तापतं. मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, एका नंबरने मोठा घालून बघा. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदाही त्याच वेळी बदला. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मग तडकतं, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगच. यात चालढकल करू नका.

टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, शेवटी. आधी पॉइंटची, म्हणजे डेल्कोतल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काची, गॅप लावा, कारण ती हलली की टायमिंगही हलतं. मग डेल्कोचा, म्हणजे प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा, नट सैल करून, त्यातला फिरता रोटर ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला डेल्को केसभर फिरवा. स्पार्क मागे येतो, म्हणजे उशिरा पडतो. मी तरुणपणी टॅक्सीवाल्यांच्या गाड्या अशाच लावल्या. चौथ्या गिअरात, चाळीसच्या वेगाने, हलक्या चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. क्षणभर बारीक टिकटिक येऊन विरली तर टायमिंग बरोबर. टिकटिक येतच राहिली तर अजून मागे घ्यायचं. मुळीच आली नाही आणि गाडी मरगळली, तर जास्त मागे गेलंय.

कुंभार्लीत मात्र चौथा ओढत बसू नका, वेळेवर तिसरा टाका. आणि प्लगचा रंग मला जरूर कळवा.