दुधी या तणाच्या बिया कशा गोळा कराव्यात, आणि बी पाहून दुधीची जात ओळखता येते का?

प्रश्न दोन आहेत: अंगणात उगवणाऱ्या दुधीची बी हाती कशी लागेल, आणि ती भिंगाखाली पाहून दुधी कोणती हे सांगता येईल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नुसत्या बीवरून खात्रीने सांगणं अवघड. बी आणि ती ज्या बोंडातून आली ते बोंड, दोन्ही समोर असतील तर बहुतेक वेळा सांगता येतं. म्हणून बिया वेचायला बसण्याआधी त्याच रोपाची एक फांदी, कच्च्या-पक्क्या बोंडांसकट, जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवा. बरेच जण हे विसरतात आणि मग डबीत फक्त तपकिरी कण उरतात.

इथे दुधी म्हणजे भाजीचा दुधी भोपळा नव्हे. पान तोडलं की पांढरा चीक येणारं तण, काही ठिकाणी त्याला नायटी म्हणतात. आपल्याकडे एका नावाखाली निदान चार जाती फिरतात. युफोर्बिया हिर्टा ही मोठी दुधी: पानं समोरासमोर, १ ते ४ सेंमी, बुडाशी तिरकी, मध्ये बऱ्याचदा जांभळट डाग, खोडावर पिवळसर लव. युफोर्बिया थायमिफोलिया ही लहान दुधी, फरशीच्या फटीत जमिनीला चिकटून पसरते, पान सेंटिमीटरच्या आत. तिच्यासारखीच दिसणारी युफोर्बिया प्रोस्ट्राटा. आणि सोयाबीन-कपाशीत माजणारी उंच युफोर्बिया हेटरोफिला, जिला शेतीच्या पुस्तकांत जेनिक्युलाटा असंही लिहिलेलं सापडतं.

चिकाबद्दल एकच सांगतो, पण ते मनावर घ्या. हात डोळ्याला लावू नका. या गणातल्या झाडांच्या चिकाने डोळ्याच्या बुबुळाला इजा होते आणि त्वचाही चुरचुरते. पातळ हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. चिमट्याला लागलेला चीक पाण्याने निघत नाही, खोबरेल तेलाच्या बोळ्याने निघतो, फणसाचा निघतो तसा.

आता गोळा करणं. बोंड तीन कप्प्यांचं, प्रत्येक कप्प्यात एकच बी. म्हणजे एका बोंडाला तीन बिया, जास्त नाहीत. बहुतेक जातींत बोंड वाढताना देठासकट पेल्यासारख्या फुलोऱ्यातून बाहेर येऊन एका बाजूला कलतं. वाळलं की कप्पे मधल्या दांड्यापासून तटकन सुटतात आणि बी उडते. उघड्या ताटलीत फांद्या वाळत घातल्या तर दुसऱ्या दिवशी ताटलीत टरफलं आणि बिया खोलीभर, ते याचमुळे. सकाळी, ऊन चढायच्या आत, पिवळसर किंवा लालसर झालेली बोंडं असलेले शेंडे तोडा आणि कागदात बांधा. प्लास्टिकची पिशवी नको, चिकाळ ओल्या फांदीला दोन दिवसांत बुरशी धरते. तयार पाकीटही फारसं कामाचं नाही: पाऊण मिलिमीटरची बी त्याच्या कोपऱ्यातल्या न चिकटलेल्या फटीतून अलगद निसटते. जुन्या वाण्यासारखी घट्ट पुडी बांधा, वर जागा, तारीख लिहा, आणि सावलीत तीन-चार दिवस ठेवा. उंच हेटरोफिलाच्या बाबतीत शेंड्यावरच मलमलच्या फडक्याची पिशवी बांधली तर आणखी सोपं.

पुडी पांढऱ्या कागदावर उघडून माल चहाच्या गाळणीतून चाळा. लहान जातींच्या बिया खाली पडतात, पाला वर राहतो. फुंकर मारू नका, बीही टरफलाबरोबर जाते. कागद तिरका धरून मागून टिचक्या मारा. काळे चकचकीत भिंगाच्या आकाराचे दाणे दिसले तर ते रानमाठाचे, काळे खरबरीत मूत्रपिंडाच्या आकाराचे दाणे घोळीचे. दुधी बऱ्याचदा या दोघांच्या शेजारी उगवते, त्यामुळे भेसळ होतेच.

तपासणीला १० पट भिंग पुरतं, २० पट असेल तर उत्तम. शाळेतला सूक्ष्मदर्शक वापरायचा तर ४ पटीची वस्तुभिंग लावा, म्हणजे १० च्या नेत्रभिंगाबरोबर ४० पट. तिथे हमखास होणारी चूक म्हणजे खालचा आरसा किंवा दिवा चालू ठेवणं. बी अपारदर्शक, त्यामुळे नुसती काळी सावली दिसते. खालचा उजेड बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने, अगदी आडवा, पातळ कागदातून पाडा. सुरकुत्या आणि आडव्या धारा अशा तिरक्या उजेडातच उठून दिसतात.

चिमट्याने बी पकडू नका, ती टुणकन उडते. कोरड्या बारीक ब्रशच्या टोकाने उचला. ब्रश ओला नको, आणि हा मुद्दा बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचा आहे: पृष्ठभाग कोरडा असतानाच पाहून घ्यायचा. या लहान दुधींच्या गटातल्या कितीतरी जातींच्या बिया पाणी लागताच भोवती बुळबुळीत थर सोडतात, सब्जाइतका ठळक नाही, पण धारा झाकून टाकण्याइतका. तो वाळला की बी कागदाला चिकटते आणि वरचा पापुद्रा बिघडतो.

दुहेरी टेपच्या पट्टीवर दहा बिया निरनिराळ्या बाजूंनी लावा: पाठ वर, पोट वर, काही उभ्या. बीला चार कडा असतात, पण एकाच बाजूने पाहिलं तर त्या दिसत नाहीत, उभी बी टोकाकडून पाहिली की चौकोन कळतो. पोटाच्या बाजूला मधून एक बारीक रेघ जाते, तिच्या निमुळत्या टोकाला बोंडाशी जोडलेली खूण असते. एरंड याच कुळातला, आणि एरंडीच्या टोकाला जो मऊ गोळा असतो तो इथे शोधत बसू नका: मोठ्या आणि लहान दुधीत तो नसतोच.

मापासाठी आलेखाच्या कागदावर दहा बिया टोकाला टोक लावून एका ओळीत मांडा आणि एकूण लांबीला दहाने भागा. एकेक बी मोजण्यापेक्षा यात चूक कमी. मोठ्या दुधीची बी साधारण ०.८ मिमी लांब, लालसर तपकिरी, आडव्या सुरकुत्या पुसट. लहान दुधीची थोडी लहान, चार-पाच आडव्या खाचा स्पष्ट. प्रोस्ट्राटाच्या आडव्या धारा अधिक आणि टोकदार. हेटरोफिलाचा प्रश्नच नाही: अडीच मिमीच्या आसपास, गडद, अंगभर फोडांसारखे उंचवटे, नुसत्या डोळ्यांनीही वेगळी पडते.

खरा गोंधळ लहान दुधी आणि प्रोस्ट्राटात होतो, आणि तिथे बोंड सोडवतं. प्रोस्ट्राटाच्या बोंडावर लव फक्त तीन कडांवर, मधला भाग गुळगुळीत. लहान दुधीच्या बोंडावर लव सगळीकडे, शिवाय ते पेल्यातून पुरतं बाहेर येत नाही, अर्धवट अडकून राहतं. मोठ्या दुधीचंही बोंड सगळीकडून लवदार, पण ते देठावर बाहेर लोंबतं.

फिकट, पांढुरक्या, चुरगळलेल्या बिया मापात धरू नका, त्या कच्च्या. भरलेली बी आहे का हे पाण्यात बुडवून कळत नाही, इतक्या लहान बीला हवेचा पापुद्रा तरंगत ठेवतो. पाच-सहा बिया टेपवर ठेवून नव्या ब्लेडने आडव्या कापा: आत पांढरा, तेलकट गर आणि मधोमध गर्भ दिसला तर बी चांगली. पोकळ किंवा करडी असेल तर टाकून द्या.

रुजवून पाहायचं असेल तर ओल्या टीपकागदावर पसरा, मातीत पुरू नका. मोठ्या दुधीच्या बीला रुजायला उजेड लागतो. एक ताटली उजेडात आणि दुसरी काळ्या कागदात गुंडाळून ठेवलीत तर फरक तुम्हालाच दिसेल. हेटरोफिलाची बी मात्र काही सेंटिमीटर खोलीवरूनही वर येते, त्यामुळे तिची ताटली वेगळी ठेवा.