कुत्र्याला कच्चं हाड घालावं का? आधी सत्तूर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात महिन्यांचा लॅब्रॅडॉर, कोपऱ्यावरचा मटणवाला दर रविवारी हाडांची पिशवी फुकट देतो, मावशी म्हणतात "कच्चं हाड खुशाल घाल, शिजलेलं तेवढं नको", आणि डॉक्टर म्हणतात कुठलंच नको. शिवाय काल त्याने सात-आठ तुकडे आधीच फस्त केलेत. आता ऐकायचं कोणाचं?

तुमच्या बाबतीत डॉक्टरांचं. पण मावशी अगदीच चुकलेल्या नाहीत, म्हणून जरा लांबण लावते.

शिजलेल्या हाडाबद्दल वाद नाही. हाडाला चिवटपणा देतं ते त्यातलं कोलॅजन. शिजवताना ते सुटून रश्शात उतरतं, पायाचं सूप गार झालं की थिजतं ते त्यामुळेच. मागे उरतं ते ठिसूळ, चावलं की सुयांसारखं फुटणारं. त्यामुळे तांबड्या रश्शातली नळी, तंदुरीची तंगडी, बिर्याणीतलं उरलंसुरलं, काही म्हणजे काही नाही. कच्चं हाड त्या मानाने लवचीक असतं, कमी फुटतं. इथपर्यंत मावशी बरोबर.

घोळ पुढे आहे. कच्च्या हाडांचा हा विचार गाजवला तो ऑस्ट्रेलियातल्या इयन बिलिंगहर्स्ट या पशुवैद्याने, १९९३ च्या सुमाराला. तिकडच्या लोकांच्या डोळ्यांसमोर असतं ते मांस चिकटलेलं मोठं, अखंड हाड. कुत्र्याने पंजात धरायचं आणि अर्धा तास ओरबाडत बसायचं. आपल्या दुकानात काय होतं? खाटीक ओंडक्यावर हाड ठेवतो आणि सत्तुराचे घाव घालतो. दीड-दोन इंचाचे तुकडे, एका टोकाला तासल्यासारखी धार, वर कपच्या वेगळ्याच. आपण ज्याला कच्चं हाड म्हणतो ते चघळायचं हाड नसतंच, रश्शाचा तुकडा असतो. नेमका एका घासात मावणारा. आणि लॅब्रॅडॉर ही जात अशी की तुकडा तोंडात गेल्यावर चावायचं असतं हे तिला कोणी सांगितलेलंच नाही.

माझा दुसरा लॅब, बंड्या, त्याच्यावर हे बेतलं. मणक्याचा कच्चा तुकडा होता, जेमतेम सुपारीपेक्षा मोठा. मी दोन पावलं त्याच्याकडे गेले, त्याला वाटलं काढून घेतेय, आणि त्याने गटकन गिळला. पंधरा मिनिटांत लाळ गळायला लागली. मान लांब करून सारखा आवंढा गिळत होता, पाणी प्यायला की तसंच्या तसं बाहेर. मी काय केलं, तर जुन्या माणसांचा उपाय: आधी केळं, मग भाकरीचा गोळा, "खाली ढकललं जाईल" म्हणून. दोन्ही हाडाच्या वर अडकलं आणि त्याला श्वास घेणं जड झालं. हे कधीही करू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायलाही जाऊ नका, धारेचं हाड वर येतानाही अन्ननलिका फाडू शकतं.

एक्स-रेत तुकडा हृदयाच्या वरच्या अंगाला दिसला. नंतर कळलं की अन्ननलिकेत हाड अडकायच्या ठरलेल्या जागा तीन: छातीच्या तोंडाशी, हृदयापाशी आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याच्या जरा अलीकडे. दुर्बिणीतून डॉक्टरांनी तो बाहेर न ओढता पोटात ढकलला, कारण पोटातल्या आम्लात कच्चं हाड हळूहळू विरघळतं. अन्ननलिकेत ती सोय नाही. तिथे ते नुसतं दाबत राहतं, आणि काही तासांत तिथलं आतलं अस्तर मरायला लागतं. आम्ही त्याच रात्री पोचलो म्हणून बंड्या पुढे नऊ वर्षं जगला.

"मग मोठं हाड घालू का, न गिळता येणारं?" हा पुढचा प्रश्न येणारच. इथे दात जातात. मांडीचं, पायाचं, वजन पेलणारं हाड दात फोडण्याइतकं कठीण असतं. वरच्या जबड्यातली सगळ्यात मोठी दाढ, कुत्रा कडेच्या दातांनी चावतो ती, तिची बाहेरची चकती निघते आणि आतली नस उघडी पडते. कुत्रं रडत नाही, फक्त एका बाजूने खायला लागतं, म्हणून महिनोन् महिने आपल्याला पत्ता नसतो. परदेशी व्हिडिओत बीफचं हाड म्हणतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैल दोन्ही बंद, तेव्हा मिळालं तर म्हशी-रेड्याचं, आणि ते तर दगड. साधी परीक्षा आहे: अंगठ्याचं नख दाबून खूण उमटत नसेल, तर ती वस्तू कुत्र्याच्या दाताला नको. शिंग, खूर, याकच्या दुधाची ती कडक छुर्पी, सगळ्यांना हाच नियम. नळीची गोल चकती तर खालच्या जबड्यात, सुळ्यांच्या मागे कड्यासारखी बसते आणि कापूनच काढावी लागते.

दात साफ होतात हे मात्र खोटं नाही. बीगल कुत्र्यांना कच्ची हाडं देऊन पाहिली तेव्हा दातांवरचा कीटण खरंच कमी झाला. पण दिसणारा कीटण आणि हिरड्यांचा आजार या दोन गोष्टी आहेत. आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांच्या २९ कवट्या तपासल्या होत्या, अहवाल १९९९ चा. आयुष्यभर हाडं फोडणारी जनावरं ती. कीटण जवळजवळ नाही, पण ४१ टक्क्यांमध्ये हिरड्यांच्या आजाराच्या खुणा आणि ४८ टक्क्यांमध्ये तुटलेले दात. "निसर्गात खातातच की" म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगते. रानकुत्र्याला दाढेची शस्त्रक्रिया परवडत नाही, एवढाच निसर्ग.

गावाकडचा दाखलाही मिळेल. आमच्या आजीच्या वाड्यातली कुत्री हाडांवरच वाढली, हे मीच वर्षानुवर्षं सांगत असे. मग एकदा आठवून मोजायला बसले. दोन कुत्री "कोणीतरी विष घातलं" म्हणून गेली होती. फुगलेलं पोट, ओकाऱ्या, चौथ्या दिवशी खेळ खलास. पोट कोणी फाडून पाहिलं नव्हतं, त्यामुळे विषच होतं की आणखी काही, देव जाणे.

आता जंतू. कच्च्या मांसाबरोबर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर येतात, फ्रीजरमध्ये ठेवून ते सगळे मरत नाहीत. कुत्रं ठणठणीत असतं, पण त्याच्या शीतून आणि लाळेतून घरभर पसरतात. घरात रांगतं मूल किंवा केमो चालू असलेलं माणूस असेल तर विषय तिथेच संपवा. कोंबडीच्या कच्च्या माना लोक सर्रास घालतात. ब्रॉयलर सहाएक आठवड्यांचा असतो, हाडं मऊ, म्हणून त्या "सुरक्षित" समजल्या जातात. २०१८ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या लोकांनी कच्ची कोंबडी आणि कुत्र्यांच्या मागच्या पायांपासून वर चढणारा एक लकवा यांचा संबंध दाखवला, संशय कॅम्पिलोबॅक्टरवर. आजार दुर्मीळ आहे, पण वाचल्यापासून मी माना बंद केल्या.

खरं तर तुमच्या त्या फुकटच्या पिशवीत मला हाडापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची जास्त भीती वाटते. त्यात वजडी असते, फेफसं असतं, गिऱ्हाइकाने नको म्हटलेला कलेजीचा तुकडा असतो. शेळ्या-मेंढ्यांच्या फेफशात आणि यकृतात पाण्याने भरलेल्या हायडॅटिड गाठी असू शकतात. कुत्र्याने ते कच्चं खाल्लं की त्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी होतात. सहा-सात आठवड्यांनी शीतून अंडी पडू लागतात, केसांना चिकटतात, आणि हात न धुता जेवणाऱ्या माणसाच्या यकृतात तीच गाठ वाढते. वर्षांनी कळते, ऑपरेशनशिवाय बऱ्याचदा सुटका नसते. त्यामुळे आतलं काहीही कच्चं नको, उकळून घाला. जंताचं औषध देताना त्यात फीतकृमींवरचं प्राझिक्वांटेल आहे ना, हेही डॉक्टरांना विचारा. साध्या जंताच्या औषधात ते असेलच असं नाही.

तुमचं पिल्लू मोठ्या जातीचं आहे आणि पिल्लांचं खाद्य खातंय. त्या खाद्यात कॅल्शियम मापून घातलेलं असतं. वरून हाडं घातली तर ते जास्त होतं, आणि वाढत्या मोठ्या जातीत जास्तीच्या कॅल्शियमने सांध्या-हाडांची वाढ बिघडते. "हाडं मजबूत होतील" हे इथे उलटं लागतं.

मी स्वतः कधीच देत नाही का? हळूहळू चघळणाऱ्या एका कारवानी कुत्रीला बोकडाची अख्खी, न तोडलेली मान देत असे. समोर बसून, वीस मिनिटं, मग मांसाचा तुकडा दाखवून अदलाबदल. हिसकावून कधीच नाही, बंड्याने ते शिकवलं. दुसरं कुत्रं त्या वेळी खोलीबाहेर. तरीही जोखीम होतीच, ती मी पत्करली होती. सध्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला देत नाही. त्याला आठवड्यातून चार दिवस कुत्र्यांच्या पेस्टने ब्रश, माणसांची पेस्ट नाही, आणि गाजर.

मटणवाल्याला सांगा, हाडं नको, मांसाच्या कातरणी द्या. त्या कांदा-लसूण-मीठ न घालता उकळा, वरची चरबी काढून टाका, तिने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

राहिले कालचे सात-आठ तुकडे. पहिला दिवस निभावला म्हणजे अन्ननलिकेत अडकलेला नसावा. पुढचे तीन-चार दिवस शी बघत राहा. पांढरी, खडूसारखी झाली आणि कुंथून होत असेल तर पाणी भरपूर द्या आणि डॉक्टरांना फोन करा. उलट्या, शीमध्ये रक्त, पोट हाताला टणक लागणं किंवा जेवण नाकारणं, यातलं एक जरी दिसलं तर फोनही नको, थेट एक्स-रेला न्या. लॅबने जेवण नाकारलं म्हणजे काहीतरी नक्कीच बिनसलंय.