मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसवल्यावर गोळी कधी सुटते? पालेभाजी कायमची बंद का?

ताई, तुमच्या भावाचं वय 27, हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह (डाव्या बाजूची झडप) बदलून मेकॅनिकल म्हणजे कृत्रिम बसवून दोन महिने झालेत, आणि तुम्हाला विचारायचंय की रक्त पातळ ठेवायची गोळी कधी बंद होईल, पालेभाजी कायमची सोडायची का आणि लग्नाचं काय. मलाही मायट्रलच आहे, वीसेक वर्षं झाली. सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब बघतो, डॉक्टर नाही. तेव्हा अनुभव आणि आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी समजावलेलं, एवढंच सांगतो.

गोळी सुटत नाही. व्हॉल्व्ह तसा बिनतक्रार असतो. आपण धातूचा म्हणतो, पण बहुतेक व्हॉल्व्हच्या पाकळ्या पायरोलिटिक कार्बनच्या (कार्बनचा एक टणक प्रकार) असतात (तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेच्या व्हॉल्व्हची तबकडी पॉलिएथिलीनची). त्या सहजी झिजत नाहीत. अडचण रक्ताची. परक्या वस्तूवर ते गोठू बघतं आणि गुठळी सुटून मेंदूकडे गेली तर लकवा. म्हणून वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉम. मायट्रलवाल्यांचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, जास्त म्हणजे जास्त पातळ) साधारण 2.5 ते 3.5 ठेवतात, भावाचा नेमका आकडा त्याच्या फाइलवर लिहून घ्या. हल्ली आयएनआर न तपासता घ्यायच्या नव्या गोळ्या आल्यात, कोणीतरी सुचवेलच. मेकॅनिकल व्हॉल्व्हला त्या चालत नाहीत. डॅबिगाट्रान आणि अपिक्साबान, दोन्हींच्या चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या होत्या.

गोळी संध्याकाळी घ्यायला सांगतात ते सोयीसाठी: सकाळी रक्त दिलं की दुपारपर्यंत रिपोर्ट येतो आणि त्याच दिवशीचा डोस बदलता येतो. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत डोस लिहिलेला असतो, एक दिवस 2 मिलिग्रॅम, एक दिवस 3, आणि गोळी घेतली की बायको त्यावर काट मारते. तारीख कोरी दिसली तर जेवणाआधी विचारणा होते. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही. डोस बदलल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी तपासून घाबरू नका, रक्तातले गोठवणारे जुने घटक संपून पुरता फरक दिसायला काही दिवस जातात.

आता पालेभाजी. बंद करायची अजिबात गरज नाही, माप सांभाळायचं. यकृत व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारे घटक बनवतं, गोळी नेमकी तिथेच आडवी येते. पालेभाजीत हेच व्हिटॅमिन भरपूर. आठवड्यात दोनदा खात असाल तर बारा महिने दोनदाच खा, डोस त्याला जुळवून घेता येतो. घोळ होतो तो आमच्यासारख्या गावात. संक्रांतीच्या सुमारास मेथी स्वस्त होते, मग कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कच्च्या मेथीची मूठ रोज ताटात. पाहुणे आले की गरगट्टा (घोटलेली पालेभाजी). आयएनआर खाली. मे महिन्यात उलटं: पारा 43-44 वर, भूक मेलेली, त्यात जुलाब लागले की आयएनआर वर. म्हणून मी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तपासणी थोडी लवकर करून घेतो.

सगळ्यात जास्त जपायचं ते मेडिकलच्या काउंटरवर. गुडघा दुखतो म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मनाने घ्यायचं नाही. पॅरासिटामॉल चालतं, तेही रोज उठून नाही. मेट्रोनिडाझोलसारख्या अँटिबायोटिकने आयएनआर झपकन चढतो. काढे, आयुर्वेदिक चूर्णं, सगळं आधी विचारून. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला आधी सांगा: अँटिबायोटिकचा एक डोस तासभर आधी घ्यावा लागतो, नाहीतर व्हॉल्व्हला जंतुसंसर्ग होऊ शकतो. दातासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी परस्पर बंद करणाऱ्यांचं ऐकू नका. आणि भावाचा व्हॉल्व्ह लहानपणीच्या सांधेवाताच्या तापाने गेला असेल तर पेनिसिलिन पुढे किती वर्षं, हे विचारून घ्या. नवा व्हॉल्व्ह बसला म्हणून तो ताप परत येत नाही असं नाही.

व्हॉल्व्हची टिकटिक होते, हो. कारखान्यात मागांच्या खडखडाटात काही कळत नाही, रात्री लाईट जाऊन पंखा थांबला की स्पष्ट ऐकू येते. पहिलं वर्ष मी उशीवर कान दाबून झोपायचो, आता बायकोला तिच्याशिवाय झोप येत नाही. पण ती अचानक दबली किंवा बंद झाली आणि दम लागायला लागला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, शौचाला काळं झालं, किंवा डोक्याला मार लागला (बाहेर रक्त नसलं तरी), तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल.

लग्न खुशाल करू दे. पुरुषाने ही गोळी घेतली म्हणून मुलं होण्यात अडचण येत नाही; बायकांचं वेगळं, वॉर्फरिन गर्भाला बाधतं, त्यांना आधीपासून डॉक्टरांबरोबर ठरवावं लागतं. मुलीकडच्यांपासून मात्र लपवू नका. छातीवरचा व्रण आणि टिकटिक, दोन्ही लपणाऱ्यातलं नाही.