तलवाना भरला का?

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एलएलबी झालीस आणि सिव्हिल जजच्या परीक्षेआधी तीन वर्षं वकिली हवी, असा सर्वोच्च न्यायालयाचा 20 मे 2025 चा निकाल आडवा आला, म्हणून खट्टू झालीस. लॉ क्लर्क म्हणून केलेलं काम त्या तीन वर्षांत धरतात. पण कोर्टाच्या कचेरीत पगारी नोकरी धरलीस तर सनद बाजूला ठेवावी लागते. तेव्हा ‘तोवर नोकरी करते, मग जज होते’ हे डोक्यातून काढ. यायचं तर कोर्टाच्या प्रशासनासाठीच ये.

हे काम दुय्यम आहे असं तुझे बाबा म्हणतात ना? त्यांना म्हणावं, रखडलेल्या एखाद्या दिवाणी दाव्याची आदेशपत्रिका, म्हणजे दर तारखेच्या नोंदी, पहिल्या पानापासून वाचा. वकील तारखा मागतात, हे खरंच. दिवाणी संहितेच्या सतराव्या आदेशात सुनावणीत एका पक्षाला तीनच तहकुब्या लिहिल्यात, त्यांचं काय होतं तेही दिसेल. पण मला त्याआधीची पानं जास्त बोलकी वाटतात. ‘तलवाना पेश नहीं’, म्हणजे समन बजावण्याची फी भरलेली नाही. पुढची पेशी, म्हणजे पुढची तारीख. ‘समन अदम तामील’, म्हणजे समन बजावलंच गेलं नाही. पुढची पेशी. ‘पता अपूर्ण.’ पुन्हा पेशी. आपल्यावर दावा लागलाय हे प्रतिवादीच्या गावीही नाही आणि इकडे वर्ष सरलं! यात कायद्याचा प्रश्न कुठे आहे? तलवाना भरल्याची पावती फाइलला लागली का, समन बजावणीचं काम बघणाऱ्या नाजिराकडे गेलं का, पत्त्यात नुसतंच ‘सुदामानगर, इंदूर’ लिहिलंय का, एवढं न्यायाधीशांच्या फाइली सांभाळणाऱ्या रीडरनं पेशीच्या चार दिवस आधी बघितलं तर तारीख वाया जात नाही. बघायला सांगणारं, आणि बघितलं का म्हणून विचारणारं, कुणीतरी लागतं. ते तू हो.

संगणकानं हे आपोआप होईल, या भ्रमात राहू नकोस. सीआयएस ही कोर्टाच्या प्रकरणांची संगणक प्रणाली, तिच्यात प्रकरणाचा टप्पा माणूसच भरतो. तो चुकीचा भरला की देशभरच्या खटल्यांचे आकडे दाखवणाऱ्या नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिडवरही चूकच दिसते, फक्त सुबक तक्त्यात.

न्यायाधीशांना प्रशासनात मदत करणाऱ्या कोर्ट मॅनेजरचं पद तेराव्या वित्त आयोगाच्या पैशातून आलं, एमबीए झालेल्यांसाठी. बऱ्याच ठिकाणी ही माणसं कंत्राटावरच राहिली. त्यांना नियमित करा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलं आणि 2025 मध्ये पुन्हा सांगावं लागलं. यावरून काय ते समज. जाहिरातीत सेवाशर्ती वाचल्याशिवाय अर्ज भरू नकोस.

प्रशिक्षणाकडे तुझा ओढा आहे, ते मला आवडलं. भोपाळची राष्ट्रीय न्यायिक अकादमी आणि जबलपूरची राज्य अकादमी, दोन्ही आपल्याच मध्य प्रदेशात. पण न्यायाधीशांना भाषण ऐकवायला गेलीस की ते घड्याळाकडे बघतात, आणि बरोबरच करतात. 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा जिकडे तिकडे तक्ते फिरले: खुनाचं जुनं कलम 302 म्हणजे आता 103. तक्ता काय, मोबाइलवरही मिळतो. वर्गात असा प्रश्न टाकावा: गुन्हा जूनमधला, एफआयआर जुलैमधली, आरोप कुठल्या कायद्याखाली आणि प्रक्रिया कुठल्या? मग बघ कशी खडाजंगी होते. असे प्रश्न फाइलीतच सापडतात, म्हणून निदान दोन-तीन वर्षं कागदांच्या प्रती देणाऱ्या नकल शाखेत आणि रेकॉर्ड रूममध्ये काढ, अकादमीचं नाव नंतर.

तुझं मराठी चांगलं आहे. कोर्टाची हिंदी मात्र शिकावीच लागेल. सहायक ग्रेड तीन या कारकुनी पदासाठी सीपीसीटी, म्हणजे संगणक आणि टायपिंगची परीक्षा, मागतात. हिंदी टायपिंगला कीबोर्ड रेमिंग्टन की इनस्क्रिप्ट, हे आत्ताच ठरव आणि मग बदलू नकोस. फॉर्म निघाले की कळव, कागद एकदा मी बघून देईन.

आईला नमस्कार सांग.

तुझा
काका