पिशवी नंतर भर, आधी मांजराला कॅरिअरची सवय लाव

प्रिय मुली,

घर सोडायचा इशारा आला तर कुत्र्या-मांजराला घेऊन कसं निघायचं, त्यासाठी पिशवीत काय काय भरून ठेवायचं, असं तू विचारलंस. पिशवीचं सांगतेच, पण ती एका संध्याकाळचं काम आहे. माणसं अडकतात ती दुसरीकडेच: मांजर पलंगाखालून निघत नाही, कुत्रा दारातच मान मागे ओढून पट्ट्यातून सुटतो. पूर, वणवा, वादळ काहीही असो, ती दहा मिनिटं सगळ्यात महागात पडतात. म्हणून खरी तयारी प्राण्याच्या सवयीची, आणि सवय काही आदल्या रात्री लागत नाही.

मांजरापासून सुरुवात कर, कारण तेच जास्त अवघड. कॅरिअर, म्हणजे मांजराला नेण्याची दार असलेली पेटी, माळ्यावर ठेवू नकोस. मांजराला ते एरवी दिसतच नसेल आणि फक्त दवाखान्यात जाताना खाली येत असेल, तर ते दिसताक्षणी मांजर गायब होणारच. झाकण काढून खालचा भाग खोलीच्या कोपऱ्यात कायमचा ठेव आणि त्यात मांजराची रोजची चादर अंथर. खाण्याची वाटी आधी शेजारी ठेव, मग उंबऱ्यावर, मग आत. ते आत निवांत खायला लागलं की झाकण बसव. त्यानंतर खाता खाता दार पाच सेकंद लाव आणि त्याने खाणं थांबवायच्या आत उघड. पाच सेकंदांवरून दहा मिनिटांपर्यंत जायला दोन-तीन आठवडे लागले तरी लागू देत. मग उचलणं, घरात फिरवणं, शेवटी गाडीत ठेवणं. एखाद्या पायरीवर मांजर बिथरलं, तर एक पायरी मागे ये.

तरीही ऐन वेळी ते आत जाणार नाही, हे धरूनच चाल. तेव्हा कॅरिअर भिंतीला टेकवून उभं कर, दार वर येऊ दे. एक हात मांजराच्या छातीखाली, दुसरा मागच्या पायांना, आणि शेपटीकडून आत सोड. डोक्याकडून घालायला गेलीस तर चारही पंजे दाराच्या कडेला रोवले जातात आणि तुझे हात ओरबाडून निघतात. टॉवेलमध्ये गुंडाळून टॉवेलसकट सोडलं तर आणखी सोपं. अगदीच काही हाताशी नसेल तर जाड सुती उशीचा अभ्रा चालतो. तोंड दोरीने बांध आणि लवकरात लवकर पिंजऱ्यात हलव.

कॅरिअर घेताना इतकं पाहा: मांजराला आत उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं पाहिजे. कडक प्लॅस्टिकच्या कॅरिअरचे दोन भाग जोडणाऱ्या क्लिपा वापरून सैल होऊ शकतात आणि वरच्या दांडीने उचललं की तळ निसटू शकतो. म्हणून सभोवती एक पट्टा आवळून ठेव. कापडी कॅरिअरची चेन घाबरलेलं मांजर नखांनी उघडतं. दोन्ही चेनांचे हूक एकमेकांत अडकव.

कुत्र्याला हार्नेस (छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही घाल, दोरी हार्नेसला लाव. गळपट्ट्याखाली दोनच बोटं जावीत. ज्यांची मान डोक्यापेक्षा जाड असते ते कुत्रे मागे सरकत सहज सुटतात. तोंडाला लावायच्या जाळीचीही सवय लाव, तुझा कुत्रा कितीही गरीब असला तरी. दुखावलेला, कोंडलेला प्राणी ओळखीच्या हातालाही चावतो, आणि जाळी नसेल तर अनोळखी मदतनीस त्याला हात लावायला कचरेल. जाळी टोपलीसारखी हवी, आत तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत. कापडी नळीत तोंड आवळलं जातं आणि अंग तापत जातं.

मायक्रोचिप बसवली नसेल तर याच महिन्यात बसव. तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मधे कातडीखाली जाते. तिच्यात बॅटरी नसते. प्राणी कुठे आहे हे ती सांगत नाही. स्कॅनर फिरवला की बहुधा १५ अंकी क्रमांक दिसतो, बस्स. तो क्रमांक तुझ्या आजच्या फोन नंबरशी नोंदवलेला नसेल तर चिप असून नसल्यासारखी. फोन बदलला की नोंद बदल. गळ्यातल्या बिल्ल्यावर तुझ्या नंबरासोबत दूरच्या गावातल्या एखाद्या नातेवाइकाचाही नंबर कोर, कारण संकटात तुझाच फोन बंद असू शकतो. फोटो दोन प्रकारचे हवेत: अंगावरच्या खुणा दिसतील असे, आणि तू व तो एकाच चौकटीत आहात असा एक. प्राणी तुझा आहे हे दाखवायला तो दुसरा उपयोगी पडतो.

आता पिशवी. आठवड्याभराचं खाणं घे, रोजचंच. खाणं अचानक बदललं तर जुलाब होतात, आणि निवाऱ्यात जुलाब म्हणजे तुझे आणि शेजाऱ्यांचे हाल. पाण्याचा साधा हिशेब दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ६० मिली. २० किलोच्या कुत्र्याला १.२ लिटर, सात दिवसांना ८.४, उकाडा आणि धापा धरून १० लिटर ठेव. चार किलोच्या मांजराला दोन लिटर पुरतं. औषधं दोन आठवड्यांची, चिठ्ठीसकट. इन्सुलिन असेल तर ते बर्फाला थेट टेकू देऊ नकोस, गोठलं की वाया जातं. लसीकरणाचं कार्ड जलरोधक पाकिटात, शिवाय फोनमध्ये फोटो. मांजरासाठी पसरट खोकं आणि शी-शूसाठी त्यात घालायची दोन किलो वाळू (लिटर), कुत्र्यासाठी जास्तीची दोरी, दोन जुने टॉवेल, कचऱ्याच्या पिशव्या. खाणं-पाणी दर दोन महिन्यांनी बदल.

गुंगीच्या गोळ्यांबद्दल सावध करते. पूर्वी सर्रास दिलं जाणारं ॲसेप्रोमाझीन अंग सुस्त करतं, रक्तदाब उतरवतं, भीती मात्र तशीच राहते. चपट्या नाकाच्या जातींना गुंगी जास्तच धोक्याची. प्रवासाची भीती कमी करायला औषध लागेल असं वाटलं तर पशुवैद्याला आत्ताच विचार आणि एखाद्या शांत दिवशी मात्रा देऊन बघ, कारण काही प्राण्यांवर उलटाच परिणाम होतो. आणि माणसांच्या औषधांतलं पॅरासिटॅमॉल मांजराला कधीही नको; अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

जायचं कुठे, हे आधी ठरव. २००५ च्या कतरिना चक्रीवादळात प्राण्यांना सोबत नेऊ देत नाहीत म्हणून अनेकांनी घरच सोडलं नाही. त्यानंतर २००६ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपत्ती-योजनांत पाळीव प्राण्यांचा विचार सक्तीचा केला. तरी प्रत्येक निवारा प्राणी घेईलच असं कुठेही गृहीत धरू नकोस. प्राण्यासकट ठेवून घेतील अशी दोन घरं किंवा मुक्कामाच्या जागा, त्याही वेगवेगळ्या दिशांना, विचारून ठेव. तू कामावर असताना इशारा आला तर काय, याचंही उत्तर हवं: किल्ली कोणाकडे, कॅरिअर कुठे, मांजर कुठे लपतं, हे एका विश्वासू शेजाऱ्याला दाखवून ठेव. कुत्र्याची त्याच्याशी गट्टी आधीच जमलेली असली पाहिजे.

निघायचा हुकूम येईपर्यंत थांबू नकोस. ‘परिस्थिती पाहून निघा’ असा पहिला इशारा आला की मांजराला कॅरिअरसह एका लहान खोलीत बंद कर, जिथे पलंग नाही, कपाटामागे फट नाही. हे एकच काम वेळेवर झालं तरी अर्धी लढाई संपते. गाडीत कॅरिअर सीट-बेल्टने बांध किंवा पुढच्या सीटमागे खाली ठेव. बंद गाडीत प्राण्याला सोडून उतरू नकोस. बाहेर २७ अंश असताना आत दहा मिनिटांत ३७ च्या आसपास होतं.

प्राण्यांना मागे ठेवून जाऊ नकोस. बांधून तर कधीच नाही: पाणी चढलं की दोरीच्या लांबीपलीकडे त्याला जाता येत नाही. निघाल्यावर दारावर ‘घरात प्राणी नाहीत’ असं ठळक लिहून ठेव, म्हणजे बचावपथकाचा कोणी उगीच जीव धोक्यात घालणार नाही.

निवाऱ्यात कॅरिअरवर कापड टाक. अंधारात मांजर शांत होतं. पण खाणं आणि लघवी यांवर नजर ठेव. दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडतं. बोका वारंवार त्या वाळूत बसतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नकोस. मूत्रमार्ग तुंबला की एक-दोन दिवसांत प्राणावर बेततं.

पुराच्या पाण्यातून कुत्रा आला तर स्वच्छ पाण्याने धुऊन, पंजे पुसून मगच त्याला अंग चाटू दे. त्या पाण्यात उंदरांच्या मुतातून आलेले लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे जिवाणू असू शकतात. ताप, उलट्या, हिरड्या पिवळ्या दिसणं, यांपैकी काहीही आढळलं तर लगेच दवाखाना. या आजाराची लस पहिल्यांदा देताना दोन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, म्हणून तीही आत्ताच.

घरी परतल्यावर आधी तू एकटी फिरून काचा, सांडलेली रसायनं, लोंबत्या तारा, आसऱ्याला आलेले साप बघ. मांजराला काही दिवस एकाच खोलीत ठेव, कुत्र्याला दोरीवरच फिरव, कारण ओळखीचे वास धुऊन गेल्यावर जुन्या रस्त्यावरही तो हरवतो.

येत्या सुट्टीला घड्याळ लावून एक सराव कर: दोघांना घेऊन गाडीत बसेपर्यंत. किती मिनिटं लागली ते कळव, आणि मांजर दारातच अडत असेल तर कॅरिअरचा फोटोही पाठव.

तुझी,
मावशी